वाढीचा प्लॅन लिहिण्याआधी कंपनी किती सोसेल ते मोजा

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात, रबाळे, महापे, तळोजा किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मध्यम कंपनीत तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, किंवा वडिलांच्या धंद्यात आता बसायला लागला आहात. आणि पहिलंच मोठं काम अंगावर आलंय: पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन. बहुतेक जण एक्सेल उघडतात, पहिल्या ओळीत विक्री लिहितात आणि दरवर्षी वीस टक्क्यांनी ती ओढत नेतात. जोखमीचं पान सगळ्यात शेवटी येतं, तेही बँक मागते म्हणून. ‘वाढती स्पर्धा’, ‘कच्च्या मालाचे चढे भाव’ अशी चार वाक्यं, जी कापड दुकानापासून पोलाद कारखान्यापर्यंत कुणालाही चालतील.

हा क्रम उलटा करा. आधी कंपनी किती मोठा फटका खाऊन उभी राहील ते काढायचं. मग वाढीचा वेग ठरवायचा. आणि वाढीच्या प्रत्येक निर्णयाच्या खर्चातच त्याच्या राखणीचा खर्च धरायचा, वेगळ्या पानावर नाही.

पायरी पहिली: भागायला किती विक्री लागते?

समजा, रबाळ्याला सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) सुटे भाग करणारी एक कंपनी आहे. वर्षाची विक्री ४० कोटी. त्यातले २४ कोटी कच्चा माल, टूलिंग आणि बाहेरच्या जॉबवर्कला (दुसऱ्यांकडून करून घेतलेल्या कामाला) जातात. विक्री घटली की हा खर्चही त्या प्रमाणात घटतो. उरले १६ कोटी. त्यातून दर महिन्याला ठरलेले पैसे जातात: पगार, भाडं, विजेचा स्थिर आकार, ऑफिसचा खर्च मिळून ९० लाख, जुन्या टर्म लोनचा (मुदत कर्जाचा) हप्ता १५ लाख, सीसीचं (कॅश क्रेडिट, रोजच्या खर्चासाठी बँकेने दिलेली उचल) व्याज ५ लाख. झाले १ कोटी १० लाख, वर्षाचे १३ कोटी २० लाख. (घसारा, म्हणजे मशीनच्या किमतीत दरवर्षी धरली जाणारी घट, मुद्दाम धरलेला नाही. इथे आपण बँकेतून खरोखर बाहेर जाणारे पैसे मोजतोय.)

विक्रीच्या दर १०० रुपयांत ४० रुपये हातात राहतात, म्हणजे १३ कोटी २० लाख भागवायला ३३ कोटींची विक्री हवी. विक्री साडेसतरा टक्क्यांनी घसरली तरी कंपनी तरते. त्याखाली गेली की दर महिन्याला खिशातून घालावे लागतात.

आता मालकांचं म्हणणं आहे की समोरचा गाळा रिकामा झालाय, तो घेऊ, सहा नवी मशीन टाकू. १२ कोटींचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता जवळजवळ २० लाख. नवी माणसं, गाळ्याचं भाडं, वीज मिळून आणखी १५ लाख. महिन्याचा ठरलेला खर्च १ कोटी ४५ लाखांवर गेला, वर्षाचा १७ कोटी ४० लाखांवर. भागायला लागणारी विक्री आता साडेत्रेचाळीस कोटी. कंपनी आज करतेय ४० कोटी. नव्या ऑर्डरी वर्षभर लांबल्या तर १ कोटी ४० लाखांचा खड्डा पडतो, आणि कुणी काही चुकीचं केलेलं नसताना पडतो.

याचा अर्थ गाळा घेऊ नका असा नाही. पण ‘३३ वरून ४३.५’ हा आकडा प्लॅनच्या पहिल्या पानावर, विक्रीच्या लक्ष्याच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत असला पाहिजे. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्लॅनमध्ये तो शोधूनही सापडत नाही.

पायरी दुसरी: कंपनी बंद पाडतील एवढ्याच गोष्टी शोधा

चाळीस ओळींचं रिस्क रजिस्टर (धोक्यांची यादी) करू नका. ते ऑडिटच्या आधी एकदा उघडतं आणि मिटतं. त्याऐवजी एकच प्रश्न धरा: आपल्याकडे ‘एकच’ असं काय काय आहे? एकच मोठा ग्राहक, एकच पुरवठादार, एकच जागा, एकच बँक, एकच जाणता माणूस.

ग्राहकापासून सुरुवात करा. वरच्या कंपनीत एका ग्राहकाचा वाटा ३५ टक्के, म्हणजे १४ कोटी असेल आणि तो गेला, तर विक्री २६ कोटींवर येते, हातात १० कोटी ४० लाख राहतात आणि ठरलेला खर्च आहे १३ कोटी २० लाख. वर्षाला २ कोटी ८० लाखांची तूट, महिन्याला २३ लाखांच्या वर. ग्राहक वाईटच निघायला हवा असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा ज्यांची निर्यात जवळपास सगळी तिकडेच जात होती त्यांच्या ग्राहकांची तक्रार मालाबद्दल नव्हतीच.

जागेचं काम एक्सेलमध्ये होत नाही. मेंटेनन्सच्या सुपरवायझरला बरोबर घ्या आणि शेडमधून सावकाश फिरा. मेन पॅनलचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. कॉम्प्रेसर खड्ड्यात बसवलाय का? अकाउंट्सच्या टेबलाखाली जमिनीवर सर्व्हर ठेवलाय का? रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर काय आहे: साधे बार की पॅकिंग होऊन निघायला तयार असलेला माल? डिझेल जनरेटर गेटजवळच्या उतारावर आहे का, जिथे गटार सगळ्यात आधी तुंबतं? मग जुन्या वॉचमनला किंवा सगळ्यात जुन्या ऑपरेटरला विचारा, ‘काका, इथे पाणी कुठवर आलं होतं?’ २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ठाणे आणि नवी मुंबईचे सखल भागही त्या दिवशी पाण्यात होते. जुनी माणसं भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतात. ती खूण आणि पॅनलचा तळ यांतला फरक तुमच्या प्लॅनमध्ये गेला पाहिजे. पॅनल दोन फूट वर घेण्याचा खर्च ऐकून मालक हसतील. नवं पॅनल यायला किती आठवडे लागतात ते पुरवठादाराकडून लेखी मागवा आणि त्या शेजारी ठेवा.

याच फेरीत दुसऱ्या जागेचाही विचार होतो. समोरचा गाळा सोयीचा असतो यात शंका नाही: एकच स्टोअर, एकच सुपरवायझर, चहाही एकाच टपरीवरून. पण तिथे पाणीही तेच शिरणार आणि वीजही त्याच फीडरवरून (वीजवाहिनीवरून) जाणार. अंबरनाथ किंवा मुरबाडला छोटं युनिट टाकलं तर रोजचा खर्च वाढतो, पण एका ठिकाणी आग लागली तर दुसरीकडून निदान मोठ्या ग्राहकाचा माल निघतो. हा वाढलेला खर्च नफ्यातली गळती म्हणून न लिहिता राखणीचा खर्च म्हणून लिहा, म्हणजे चर्चा नीट होते.

बँकेचा मुद्दा लोकांना फारसा सुचत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांची पगाराची रक्कम, जीएसटीचे पैसे आणि गंगाजळी तिथेच होती त्यांना आठवड्याभरात दुसरीकडे हात पसरावे लागले. ठेव विमा तेव्हा १ लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा झाला. कंपनीच्या हिशेबात दोन्ही आकडे किरकोळच. दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा. मुख्य बँकेचा मॅनेजर थोडा नाराज होईल, होऊ द्या.

जाणत्या माणसाबद्दल एवढंच: मशीनचे प्रोग्रॅम कुणाच्या पेन ड्राइव्हवर आहेत ते विचारा. उत्तर ऐकल्यावर काय करायचं ते सांगावं लागणार नाही.

पायरी तिसरी: मर्यादा लिहून मंजूर करून घ्या

‘आपण सांभाळूनच चालतो’ हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो, आणि मोठी ऑर्डर समोर आली की तेच सगळ्यात आधी विसरतो. म्हणून मर्यादा आकड्यांत लिहायच्या आणि संचालक मंडळाच्या ठरावात आणायच्या. वरच्या कंपनीसाठी मी अशा लिहीन: एका ग्राहकाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत, २५ ओलांडले की विक्री विभागाने दुसरे ग्राहक शोधण्याचा आराखडा द्यायचा. ठरलेल्या खर्चाच्या तीन महिन्यांएवढी रक्कम, म्हणजे ३ कोटी ३० लाख, रोख किंवा न वापरलेल्या सीसी लिमिटच्या रूपात कायम हाताशी. भागायला लागणारी विक्री गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष विक्रीच्या ९० टक्क्यांच्या वर जाईल असं कोणतंही कर्ज एका दमात घ्यायचं नाही. तुमचे आकडे वेगळे असतील. आकडा अचूक असण्यापेक्षा तो आधी ठरलेला असणं जास्त महत्त्वाचं, कारण ऑर्डर समोर असताना ठरवलेली मर्यादा नेहमी ऑर्डरच्या मापाची निघते.

मोठ्या कंपन्यांत हे ऐच्छिक नसतं. कंपनी कायदा २०१३ नुसार संचालकांच्या अहवालात जोखीम व्यवस्थापनाच्या धोरणाबद्दल निवेदन द्यावं लागतं, आणि बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते. ऐरोलीच्या एखाद्या आयटी पार्कमध्ये अशा कंपनीच्या स्ट्रॅटेजी टीममध्ये लागला असाल, तर त्या समितीची इतिवृत्तं मिळतात का बघा. प्रेझेंटेशनपेक्षा त्यांतून जास्त शिकायला मिळतं.

पायरी चौथी: विमा आणि उधारी, कागद काढून वाचा

विम्याची पॉलिसी फायलीतून काढा आणि विमा रक्कम बघा. ती बहुधा ताळेबंदातून, घसारा वजा करून उचललेली असते. आज ती मशीन नव्याने घ्यायला १० कोटी लागत असतील, पॉलिसी नव्या किमतीने भरपाई देणारी असेल आणि विमा मात्र ६ कोटींचाच असेल, तर २ कोटींचं नुकसान झाल्यावर २ कोटी मिळत नाहीत. कमी विम्याच्या प्रमाणात भरपाई कापली जाते: १ कोटी २० लाख. जागेवरच्या मालमत्तेचं मूल्य ५ कोटींच्या वर आणि ५० कोटींपर्यंत असलेल्यांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, पण वरच्या उदाहरणातली तफावत ४० टक्के आहे. दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी दोन-तीन मुख्य मशीनची ताजी कोटेशनं मागवली तर हा घोळ होत नाही.

दुसरं, आगीचा विमा मशीनचे पैसे देतो. शेड पुन्हा उभी राहीपर्यंत चालू राहणारे पगार आणि हप्ते तो देत नाही. त्यासाठी ‘लॉस ऑफ प्रॉफिट’चं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एजंट ते स्वतःहून क्वचितच सुचवतात.

उधारीकडे बघताना एकूण येणं किती यापेक्षा नव्वद दिवसांच्या वर किती, ते आधी बघा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरल्या मुदतीत द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्यक्षात मोठ्या ग्राहकावर व्याजाचा दावा लावायला कुणी धजावत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. म्हणून दुसरा रस्ता ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर पैसे उचलायच्या ऑनलाइन व्यासपीठाचा: ग्राहकाने बिल मान्य केलं की फायनान्सर ते डिस्काउंट करून (थोडी रक्कम कापून) पैसे देतो, आणि ग्राहकाने नंतर बुडवलं तरी तुमच्याकडे परत मागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नवा मोठा ग्राहक घेताना भावाबरोबरच ‘तुम्ही ट्रेड्सवर बिलं मान्य करता का?’ हेही विचारा. निर्यात असेल तर ईसीजीसीच्या (निर्यातीची उधारी बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीच्या) पॉलिसीचा हप्ता भावात धरूनच कोटेशन काढा.

इथे वाढीचा एक उलटा परिणाम लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी आहे. निर्यातीची उलाढाल त्यात धरत नाहीत. दोन्हींपैकी एक जरी ओलांडली तरी तुम्ही मध्यम गटात जाता, आणि ४५ दिवसांचा हा कायदेशीर हक्क फक्त सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना आहे. वरच्या गटात गेल्यावर तो तीन वर्षं चालू राहतो, मग जातो. प्लॅनच्या कितव्या वर्षी ही रेषा येते ते सीएंबरोबर बसून काढा. हक्क जाईल त्या वर्षी खेळतं भांडवल किती जास्त लागेल, हा आकडा तुमच्या एक्सेलमध्ये बहुधा नसेल.

पायरी पाचवी: वाढ टप्प्यांत तोडा

आता समोरच्या गाळ्याकडे परत या. सहा मशीनऐवजी आधी दोन घेतली, ४ कोटींचं कर्ज काढलं, नवा ठरलेला खर्च महिन्याला ५ लाख धरला, तर हप्त्यासकट महिन्याचा बोजा १ कोटी २२ लाखांच्या आसपास राहतो आणि भागायला साडेछत्तीस कोटींची विक्री पुरते. ४० कोटी करणारी कंपनी हे पेलते आणि वरच्या ९० टक्क्यांच्या मर्यादेत जवळपास बसते. जवळपास म्हणते, कारण हिशेब ९१ टक्के येतो, आणि अशा वेळी मर्यादा सरकवायची की कच्चा माल, टूलिंग आणि जॉबवर्कचा मिळून खर्च एक टक्का खाली आणायचा यावर मंडळात वाद होईल. होऊ द्या.

पुढची चार मशीन कधी? त्याची अट आजच लिहायची. उदाहरणार्थ: पहिल्या दोन मशीनची ७० टक्के क्षमता सलग सहा महिने वापरात, पुढच्या मशीनच्या निम्म्या क्षमतेइतके पीओ (खरेदीच्या लेखी ऑर्डरी) हातात, त्यांतला निम्मा माल नव्या ग्राहकांचा. पुरवठादाराशी सहा मशीनचा भाव आजच ठरवून बाकीच्या चारांचा पर्याय वर्षभर उघडा ठेवता आला, तर त्यासाठी थोडे पैसे मोजायला हरकत नाही.

कर्जाची मुदत मालमत्तेच्या आयुष्याशी जुळवा. सीसीतून मशीन घेण्याचा मोह होतो, कारण लिमिट रिकामं असतं आणि कागदपत्रांची कटकट नसते. तेच मोठ्या आकारात काय करतं ते २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या समूहाने दाखवलं: पैसे वर्षानुवर्षं अडकणारे प्रकल्प, त्यांच्यामागे थोडक्या मुदतीची उचल, आणि सुमारे ९१ हजार कोटींच्या कर्जाचा समूह हप्ते थकवून बसला.

न वाढण्याचीही जोखीम लिहा

नवख्यांचा प्लॅन जोखमीचं एवढं वाचल्यावर फार भित्रा होतो, म्हणून हे वेगळं सांगते. काहीच न करणं हाही एक निर्णय असतो आणि त्याचाही आकडा काढायचा असतो: सगळं आजच्यासारखं ठेवलं, पगार दरवर्षी आठ टक्क्यांनी आणि ग्राहकाचा भाव दोन टक्क्यांनीच वाढला, तर कितव्या वर्षी शिल्लक शून्य होते?

या पट्ट्यात त्याचे पुरावे रस्त्याकडेलाच आहेत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट. आज तिथल्या कित्येक शेडच्या जागी काचेच्या इमारती आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या मोठ्या रसायन कारखान्यांच्या काळात कुणी ऐरोलीला आयटीची नोकरी मिळेल असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. रेमंडची ठाण्यातली गिरणी १९२५ मधली. तिथलं उत्पादन बंद झालं, पण जमीन हातात होती. २०१९ मध्ये त्यातली वीस एकर सुमारे ७०० कोटींना विकली गेली, आणि बाकी जागेवर कंपनीने स्वतःचा घरबांधणीचा धंदा उभा केला. ती वाढ होती की राखण? दोन्ही. जमीन हाताशी नसलेल्यांना मात्र तो मार्ग नव्हता, आणि भाड्याच्या गाळ्यात असाल तर तुम्हालाही नाही.

घर आणि कंपनी

कौटुंबिक कंपनीत हा विषय जेवणाच्या टेबलावर निघतो, मीटिंगमध्ये नाही. बँक टर्म लोनला मालकांची वैयक्तिक हमी मागते आणि सही करताना ती औपचारिकता वाटते. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमीदारांवर दिवाळखोरी कायद्याखाली कारवाई करण्याची तरतूद वैध ठरवली. कंपनीचा निकाल लागला म्हणून हमीदार सुटतोच असं नाही. म्हणून प्लॅनच्या मागे एक यादी जोडा: कोणत्या कर्जाला कुणाची हमी, कोणतं घर तारण, हमी कधी सुटणार. कर्जाचा मोठा भाग फिटल्यावर हमी किंवा तारण कमी करून घेण्याची अट वाटाघाटीच्या वेळीच मागा. नंतर बँक ऐकत नाही. चव्हाण किंवा पाटील आडनावाच्या काकांची सही वीस वर्षांपूर्वी कुठेतरी झालेली असते आणि ते आता गावी राहतात, असंही निघतं.

आढावा कधी घ्यायचा

वर्षातून दोनदा पुरतं, पण तारखा ठरलेल्या हव्यात. पहिली बैठक मे महिन्यात, पावसाच्या आधी: मार्चअखेरचे आकडे, पॅनल-पंप-छपराची फेरी, विमा रक्कम. दुसरी दिवाळीनंतर, सप्टेंबरअखेरच्या आकड्यांवर. दोन्ही वेळा पहिल्या पानावर तेच तीन आकडे: भागायला लागणारी विक्री, सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा, किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे. विक्रीच्या माणसाला आणि हिशेबाच्या माणसाला एकाच टेबलावर बसवा. दोघांच्या वेगवेगळ्या बैठका झाल्या की एक फक्त वाढ सांगतो आणि दुसरा फक्त भीती. पुढच्या टप्प्याच्या अटी पुऱ्या झाल्या असतील तर मशीनचा पीओ त्याच बैठकीत सही होतो. नसतील तर कोणती अट किती कमी पडली, ते आणि पुढची तारीख इतिवृत्तात जाते.